समांतर रेषा आणि त्यांची छेदिका : कोनांच्या जोड्या ओळखण्याविषयी

शालेय भूमितीत समांतर रेषांचा भाग सोपा समजला जातो आणि म्हणूनच तो बहुधा घाईने उरकला जातो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आठवीला कोन मोजून या भागाची ओळख होते आणि नववीच्या गणित भाग २ मध्ये त्याच गुणधर्मांच्या सिद्धता येतात. परंतु पुढे चौकोन, समरूपता आणि त्रिकोणमिती हे विषय याच पायावर उभे राहत असल्यामुळे येथे राहिलेली ढिलाई दहावीपर्यंत विद्यार्थ्याच्या मागे येते. या ढिलाईचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. कोनांच्या जोडीचे नाव आणि त्या कोनांची समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ‘व्युत्क्रम कोन समान असतात’ असे अर्धे वाक्य पाठ केल्यामुळे त्या एकच वाटू लागतात. जोडीला नाव मिळते ते कोनांच्या स्थानावरून, आणि त्या कोनांत समानता येते ती रेषा समांतर असतील तरच. हा भेद मनात पक्का बसावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. एकाच प्रतलात असलेल्या आणि एकमेकींना कोठेही न छेदणाऱ्या रेषांना समांतर रेषा म्हणतात. व्याख्येतील ‘एकाच प्रतलात’ हे शब्द अनावश्यक वाटले तरी ते गाळता येत नाहीत. कारण खोलीच्या छताची पूर्व-पश्चिम जाणारी कड आणि जमिनीची दक्षिणोत्तर जाणारी कड कितीही वाढवल्या तरी एकमेकींना मिळत नाहीत, आणि तरीही त्या समांतर नसतात. छेदिका म्हणजे दिलेल्या दोन रेषांना दोन भिन्न बिंदूंत छेदणारी रेषा. दोन रेषा ज्या बिंदूत एकमेकींना मिळतात त्याच बिंदूतून तिसरी रेषा गेली, तर ती त्यांची छेदिका ठरत नाही, कारण तेथे छेदनबिंदू एकच असतो. छेदिकेच्या व्याख्येत समांतर हा शब्द कोठेही आलेला नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. कोणत्याही दोन रेषांना छेदिका असू शकते, आणि म्हणून संगत, व्युत्क्रम, आंतर ही नावे कोणत्याही दोन रेषांच्या संदर्भात देता येतात.

आकृती स्वतः काढून पुढे वाचणे हिताचे ठरेल. रेघांच्या वहीच्या पानावर चारपाच ओळींचे अंतर सोडून दोन छापील रेघा पट्टीने गडद कराव्यात. वरच्या रेघेला रेषा ल आणि खालच्या रेघेला रेषा म म्हणावे. या दोहोंना छेदणारी, डावीकडून खाली सुरू होऊन उजवीकडे वर चढणारी तिरकी रेषा काढावी आणि तिला छेदिका र म्हणावे. प्रत्येक छेदनबिंदूपाशी चार, असे एकूण आठ कोन तयार होतात. वरच्या बिंदूपाशी डावीकडच्या वरच्या कोनाला १ हा क्रमांक देऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने २, ३, ४ असे क्रमांक द्यावेत, म्हणजे उजवीकडचा वरचा कोन २, उजवीकडचा खालचा ३ आणि डावीकडचा खालचा ४ होईल. खालच्या बिंदूपाशी त्याच क्रमाने ५, ६, ७, ८ हे क्रमांक द्यावेत. रेषा ल आणि म यांच्या मधल्या पट्ट्यात येणारे ३, ४, ५, ६ हे कोन आतले होत. उरलेले १, २, ७, ८ हे कोन बाहेरचे होत.

आता दोन्ही छेदनबिंदूंतून एकेक कोन घेऊन जोडी करावी आणि तिला नाव देण्यासाठी दोनच प्रश्न विचारावेत. जोडीतील कोन छेदिकेच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हा पहिला प्रश्न. आणि ते आतले आहेत की बाहेरचे, हा दुसरा. दोन्ही कोन एकाच बाजूला असून एक आतला व दुसरा बाहेरचा असेल, तर ते संगत कोन होत. १ व ५, २ व ६, ३ व ७, ४ व ८ या त्यांच्या चार जोड्या आहेत. दोन्ही कोन आतले असून छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असतील, तर त्यांना आंतरव्युत्क्रम कोन म्हणतात. ४ व ६ आणि ३ व ५ या त्या दोन जोड्या. दोन्ही बाहेरचे आणि विरुद्ध बाजूंना असतील, तर ते बाह्यव्युत्क्रम कोन होत. १ व ७ आणि २ व ८. दोन्ही आतले आणि एकाच बाजूला असतील, तर ते आंतरकोन होत. ३ व ६ आणि ४ व ५. काही जोड्यांना शाळेच्या पुस्तकात स्वतंत्र नाव दिलेले नसते, उदाहरणार्थ २ व ७ किंवा १ व ६; अशी जोडी प्रश्नात आली तर नाव शोधत बसण्यापेक्षा मधल्या एखाद्या कोनाच्या आधाराने तिचा संबंध काढणे सोपे असते.

ही पद्धत आठ कोनांच्या स्वच्छ आकृतीत सहज चालते. अडचण येते ती आकृतीत चारपाच रेषा एकत्र आल्यावर, कारण तेथे छेदिका कोणती हेच नजरेला चटकन दिसत नाही. अशा वेळी एक खूण उपयोगी पडते : नाव असलेल्या कोणत्याही जोडीतील दोन्ही कोनांची एकेक भुजा एकाच रेषेवर असते, आणि तीच रेषा छेदिका असते; उरलेल्या दोन भुजा ज्या दोन रेषांवर असतात, त्याच त्या छेदिल्या गेलेल्या रेषा होत. म्हणून कोन पाहिल्याबरोबर नाव न सांगता, त्या दोन कोनांना सामाईक असलेली रेषा आधी रंगीत पेन्सिलीने गिरवावी, नंतर उरलेल्या दोन भुजा दुसऱ्या रंगाने गिरवाव्यात, आणि मगच नावाचा विचार करावा. सवय होईपर्यंत हे काम संथ वाटते, तरीही ते टाळू नये.

या खुणेचे महत्त्व चौकोनाच्या उदाहरणात स्पष्ट होते. चौकोन अबकड मध्ये कर्ण अक काढला असून बाजू अब ही बाजू डक ला समांतर आहे, एवढेच दिले आहे, असे समजू. अनेक विद्यार्थी येथे कोन डअक आणि कोन बकअ समान असल्याचे लिहून मोकळे होतात. दोन्ही कोनांची सामाईक रेषा अक आहे हे खरे आहे, आणि ते आंतरव्युत्क्रम स्थानी आहेत हेही खरे आहे. परंतु त्यांच्या उरलेल्या भुजा अड आणि बक या रेषांवर आहेत, आणि त्या समांतर असल्याचे कोठेही दिलेले नाही. दिलेल्या माहितीवरून समान ठरतात ते कोन बअक आणि कोन डकअ, कारण त्यांच्या उरलेल्या भुजा अब आणि डक वर आहेत. चौकोन समांतरभुज असेल तर दोन्ही विधाने खरी होतात, आणि बहुतेक वेळा आकृती समांतरभुज दिसेल अशीच काढलेली असल्यामुळे ही चूक डोळ्यांना जाणवत नाही. समलंब चौकोनाच्या सिद्धतांत मात्र याच चुकीने सगळी मांडणी कोसळते.

नावांचा भाग संपल्यावर मापांकडे वळावे. वहीतील आकृतीत रेषा ल आणि म समांतर आहेत. तेथे कोनमापकाने आठही कोन मोजून आकृतीतच लिहावेत. नंतर दुसऱ्या पानावर एकमेकींना समांतर नसलेल्या दोन रेषा व त्यांची छेदिका काढून तेथेही आठ कोन मोजावेत. ही दुसरी आकृती वर्गात क्वचितच काढून घेतली जाते, पण पहिल्या आकृतीचा अर्थ तिच्यामुळेच उलगडतो. दोन्ही आकृत्यांत प्रत्येक छेदनबिंदूपाशी परस्परविरुद्ध कोन समान आढळतील आणि रेषीय जोडीतील कोनांची बेरीज १८०° भरेल, कारण त्या संबंधांचा समांतरतेशी काहीच संबंध नाही. दोन रेषा छेदल्या की ते आपोआप येतात. फरक दिसतो तो दोन बिंदूंमधल्या कोनांत. पहिल्या आकृतीत संगत कोन समान, आंतरव्युत्क्रम व बाह्यव्युत्क्रम कोन समान, आणि आंतरकोन परस्परांचे पूरक, म्हणजे बेरीज १८०° होणारे, असे आढळेल. दुसऱ्या आकृतीत यांपैकी एकही गोष्ट आढळणार नाही. मोजणीत एखाद्या अंशाचा फरक पडला तर घाबरून आकडा बदलू नये. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि कोनमापक ठेवताना मध्यबिंदू किंचित सरकतो, त्यामुळे एवढा फरक स्वाभाविक आहे. नेमकी समानता मोजून नव्हे, तर तर्कानेच सिद्ध होते.

समांतर रेषांच्या आकृतीत आठ कोनांची मापे फक्त दोनच असतात, हे ध्यानात आल्यावर पुष्कळ गणिते तोंडी सुटू लागतात. एक कोन ११२° असेल, तर चार कोन ११२° चे आणि चार ६८° चे असतात. छेदिका लंब असेल, तर आठही कोन ९०° चे होतात. लंब नसलेल्या छेदिकेच्या बाबतीत कोणतेही दोन विशालकोन परस्परांना समान, कोणतेही दोन लघुकोन परस्परांना समान, आणि एक लघुकोन व एक विशालकोन मिळून १८०° होतात. उत्तराचा पडताळा घेण्यासाठी हा नियम फार उपयोगी आहे, परंतु सिद्धतेत कारण म्हणून तो लिहू नये. तेथे संगत, व्युत्क्रम किंवा आंतरकोन यांपैकी नेमका कोणता संबंध वापरला, ते सांगणे आवश्यक असते.

बीजगणिताची जोड असलेल्या प्रश्नांत जोडी ओळखण्यातली चूक विशेष घातक ठरते, कारण चुकीचे उत्तरही नीटनेटके येऊ शकते. समांतर रेषांच्या छेदिकेने केलेल्या दोन कोनांची मापे (३क्ष + १०)° आणि (२क्ष + ४०)° दिली आहेत, असे मानू. ते संगत कोन असतील तर ३क्ष + १० = २क्ष + ४०, म्हणून क्ष = ३०, आणि प्रत्येक कोन १००° चा येतो. तेच आंतरकोन असतील तर ५क्ष + ५० = १८०, म्हणून क्ष = २६, आणि कोन ८८° व ९२° चे येतात. दोन्ही उत्तरे पूर्णांकांत आहेत आणि दोन्ही आपापल्या समीकरणाचे समाधान करतात, त्यामुळे आकडेमोड तपासून चूक सापडणार नाही. समीकरण लिहिण्यापूर्वी जोडीचे नाव आणि कारण शब्दांत लिहिण्याची शिस्त शिक्षकांनी आग्रहाने लावावी, ती याचसाठी.

हे संबंध खरे का असतात, हा प्रश्न येथे टाळता येत नाही, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर भागही तोच आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळात अलेक्झांड्रियात युक्लिडने ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ रचला, तेव्हा त्याने सिद्धतेशिवाय मान्य करायची पाच गृहीतके भूमितीसाठी मांडली. त्यांपैकी पाचवे असे सांगते की दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेने एका बाजूला केलेल्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला एकमेकींना छेदतात. या गृहीतकावरून आंतरकोनांचा गुणधर्म अप्रत्यक्ष सिद्धतेने, म्हणजे साध्याच्या विरुद्ध गोष्ट क्षणभर खरी मानून आणि तिच्यातून विसंगती दाखवून, मिळतो. रेषा ल आणि म समांतर आहेत. तरीही कोन ३ आणि ६ यांची बेरीज १८०° पेक्षा कमी आहे, असे मानले तर पाचव्या गृहीतकानुसार त्या रेषा उजवीकडे छेदल्या पाहिजेत, आणि हे पक्षाच्या, म्हणजे दिलेल्या माहितीच्या, विरुद्ध आहे. ती बेरीज १८०° पेक्षा जास्त मानली, तर चारही आतल्या कोनांची एकूण बेरीज ३६०° असल्यामुळे कोन ४ आणि ५ यांची बेरीज १८०° पेक्षा कमी होते आणि रेषा डावीकडे छेदतात, हेही अशक्य. म्हणून बेरीज नेमकी १८०° च असली पाहिजे. एकदा हे मिळाले की कोन ३ व ६ यांची बेरीज १८०° आणि कोन २ व ३ ही रेषीय जोडी, यांवरून कोन २ आणि ६ हे संगत कोन समान ठरतात. कोन २ चा परस्परविरुद्ध कोन ४ असल्यामुळे ४ आणि ६ हे व्युत्क्रम कोनही समान ठरतात. तीन स्वतंत्र नियम पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण एक मान्य केला की उरलेले दोन काही ओळींत मिळतात.

याच्या उलट दिशेने जाणारी विधाने, म्हणजे व्यत्यास, वेगळी आहेत. व्युत्क्रम कोनांची एक जोडी समान असेल, किंवा संगत कोनांची एक जोडी समान असेल, किंवा आंतरकोनांची एक जोडी पूरक असेल, तर त्या रेषा समांतर असतात. यांना समांतर रेषांच्या कसोट्या म्हणतात. गुणधर्मात समांतरता दिलेली असते आणि कोनांविषयी निष्कर्ष निघतो. कसोटीत कोनांची माहिती असते आणि समांतरतेचा निष्कर्ष निघतो. सिद्धतेत कारण लिहिताना ‘व्युत्क्रम कोन’ एवढेच लिहिले तर यांपैकी कोणते वापरले ते समजत नाही, म्हणून ‘समांतर रेषांच्या व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म’ किंवा ‘व्युत्क्रम कोन कसोटी’ असे पूर्ण लिहावे. ज्या रेषा समांतर आहेत हे सिद्ध करायचे आहे, त्याच समांतर मानून कोन समान घेतले आणि त्या कोनांवरून रेषा समांतर ठरवल्या, अशी गोलाकार मांडणी उत्तरपत्रिकांत होते ती या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच.

गुणधर्म आणि कसोटी यांच्यातला हा भेद केवळ मांडणीचा नाही. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात कसोट्या २७ व्या आणि २८ व्या विधानांत येतात आणि गुणधर्म २९ व्या विधानात येतो. कसोट्यांच्या सिद्धतेत पाचवे गृहीतक लागतच नाही : व्युत्क्रम कोन समान असूनही रेषा छेदल्या असे मानले तर एक त्रिकोण तयार होतो आणि त्याचा बाह्यकोन दूरच्या आंतरकोनाइतका होतो, पण बाह्यकोन हा दूरच्या प्रत्येक आंतरकोनापेक्षा मोठा असतो, हे युक्लिडने आधीच त्या गृहीतकाशिवाय सिद्ध केलेले आहे. गुणधर्मासाठी मात्र ते अपरिहार्य ठरते, आणि युक्लिडने ते प्रथम वापरले ते याच २९ व्या विधानात. इतर चार गृहीतकांवरून पाचवे सिद्ध करण्याचे प्रयत्न पुढे दोन हजार वर्षे चालले. इराणमधील उमर खय्याम आणि नासिरुद्दीन तुसी यांनी त्यावर लिहिले, आणि १७३३ मध्ये इटलीतील साकेरीने त्यासाठी संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. ते सिद्ध होऊ शकत नाही आणि ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते, हे रशियातील लोबाचेव्हस्की याने १८२९ पासून आणि हंगेरीतील यानोश बोल्याई याने १८३२ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या भूमितीत कसोट्या खऱ्या राहतात आणि गुणधर्म कोसळतो. ‘एलिमेंट्स’च्या तुसीने केलेल्या अरबी संस्करणावरून जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ तयार केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. शाळेच्या वहीतील आठ कोनांमागे एवढी मोठी बौद्धिक परंपरा उभी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यात वर्गातील दहा मिनिटे खर्च झाली तरी ती सार्थकी लागतात.

कसोट्यांचा थेट उपयोग रचनेत होतो. रेषेबाहेरील बिंदूतून तिला समांतर रेषा काढताना गुण्याची एक कड रेषेला जुळवून, दुसऱ्या कडेला पट्टी घट्ट धरून, गुण्या पट्टीवरून सरकवला जातो. तेव्हा पट्टी ही छेदिका असते, गुण्याचा न बदलणारा कोन हा संगत कोन असतो, आणि रचना बरोबर येते ती संगत कोन कसोटीमुळे. सरकवताना पट्टी हलली तर छेदिकाच बदलते, म्हणून पट्टीवरचा हात पक्का हवा. कंपासने काढताना बिंदूपाशी व्युत्क्रम स्थानी मूळ कोनाइतकाच कोन काढला जातो, आणि तेथे व्युत्क्रम कोन कसोटी लागू होते. फॅब्रिकेशनच्या कामात जिन्याचा कठडा बनवताना सर्व उभे गज एकाच कोनात कापले जातात, तेही याच तत्त्वावर : ओळंब्यात उभे केलेले गज परस्परांना समांतर असतात आणि तिरका हातधरा त्यांची छेदिका असतो. जिन्याचा चढ आडव्याशी ३५° असेल, तर प्रत्येक गजाशी हातधऱ्याचा लघुकोन ५५° चा येतो, आणि पहिल्या गजावर तपासलेले माप शेवटच्या गजापर्यंत चालते.

परीक्षेतील अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांत छेदिका आकृतीत नसते, ती विद्यार्थ्याला काढावी लागते. दोन समांतर रेषांमध्ये एक बिंदू असून तो दोन तिरक्या रेषाखंडांनी वरच्या व खालच्या रेषेला जोडलेला आहे, वरच्या रेषेशी रेषाखंडाचा कोन ४०° आणि खालच्या रेषेशी ३५° आहे, दोन्ही कोन एकाच बाजूला उघडतात, आणि मधल्या बिंदूपाशी त्यांच्या विरुद्ध बाजूला उघडणारा कोन विचारला आहे, असे समजू. आहे त्या आकृतीत कोणतीच रेषा दोन्ही समांतर रेषांना छेदत नाही, म्हणून विद्यार्थी थांबतो. मधल्या बिंदूतून तिसरी समांतर रेषा काढली की विचारलेल्या कोनाचे दोन भाग पडतात. त्यांपैकी वरचा भाग व्युत्क्रम कोन म्हणून ४०° आणि खालचा भाग ३५° होतो, आणि उत्तर ७५° येते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° असल्याची सिद्धताही याच युक्तीने होते : त्रिकोण अबक च्या अ या शिरोबिंदूतून बक ला समांतर रेषा काढली की ब आणि क पाशी असलेले कोन व्युत्क्रम कोनांच्या रूपाने अ पाशी येतात आणि तिन्ही मिळून एक सरळ कोन भरतो.

दहावीच्या त्रिकोणमितीत दीपगृहावरून जहाज पाहण्याच्या उदाहरणात अवनत कोन, म्हणजे डोळ्याच्या पातळीतून जाणाऱ्या क्षितिजसमांतर रेषेपासून खाली मोजलेला कोन, दिलेला असतो, पण गणित सोडवताना तो जहाजापाशी मांडला जातो. वरची आणि खालची क्षितिजसमांतर रेषा समांतर, दृष्टिरेषा त्यांची छेदिका, आणि म्हणून जहाजापाशी होणारा उन्नत कोन अवनत कोनाएवढा, हे कारण लिहिल्याशिवाय तो कोन हलवू नये. विज्ञानात काचेच्या आयताकृती चिपेतून जाणारा किरण मूळ दिशेला समांतर बाहेर पडतो, त्याचेही कारण हेच आहे. चिपेचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असल्यामुळे त्यांच्यावरच्या स्तंभिका, म्हणजे लंब रेषा, याही समांतर असतात, काचेतला किरण त्यांची छेदिका होतो, आणि पहिल्या पृष्ठभागावरचा अपवर्तन कोन दुसऱ्या पृष्ठभागावरच्या आपाती कोनाइतका ठरतो. मग बाहेर पडताना किरण तितकाच परत वळतो.

या गुणधर्माचा इतिहासातील सर्वांत मोठा उपयोग ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढण्यासाठी केला. इजिप्तमधील सायिनी, म्हणजे आजचे आस्वान, येथे उन्हाळी अयनदिनी मध्यान्ही सूर्य डोक्यावर येत असे, तर त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात उभ्या काठीशी सूर्यकिरणांचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२° भरत असे. सूर्य फार दूर असल्यामुळे दोन्ही ठिकाणचे किरण समांतर मानता येतात. अलेक्झांड्रियातील काठी खाली पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवली की ती त्या किरणांची छेदिका होते, आणि काठीपाशी मोजलेला कोन केंद्रापाशी व्युत्क्रम कोन म्हणून तेवढाच असतो. दोन शहरांतील अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे त्या काळचे लांबीचे एकक) धरल्यामुळे परीघ त्याच्या पन्नास पट, म्हणजे २,५०,००० स्टेडिया आला. पृथ्वीच्या केंद्राशी असलेला, कोणालाही कधी मोजता न येणारा कोन अंगणात उभ्या केलेल्या काठीपाशी मोजता येतो, एवढे सामर्थ्य या एका गुणधर्मात आहे.

हा प्रयोग महाराष्ट्रातील दोन शाळांना मिळून करता येतो, आणि तो करावाच. धुळे आणि सांगली ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असून त्यांचे अक्षांश अनुक्रमे सुमारे २०.९° आणि १६.८५° आहेत, त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे. येथे दोन्ही ठिकाणी सावली पडत असल्यामुळे दोन्ही कोनांची वजाबाकी करावी लागते. विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, एकाच दिवशी दोन्हीकडे ओळंब्याने उभी केलेली काठी घेऊन मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजावी. घड्याळातील बारा वाजण्यावर विसंबू नये. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणावत जावे आणि सावली पुन्हा वाढू लागेपर्यंत थांबावे. १ मीटर काठीची सावली त्या दिवशी सांगलीत सुमारे ३० सेंटिमीटर आणि धुळ्यात सुमारे ३८ सेंटिमीटर पडेल. काठी आणि सावली प्रमाणात काढून काटकोन त्रिकोण पूर्ण करावा, काठीच्या वरच्या टोकापाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा, आणि दोन शाळांच्या कोनांतील फरक काढावा. तो ४° च्या जवळ येईल. ४५० ला ३६० ने गुणून त्या फरकाने भागले की पृथ्वीचा परीघ किलोमीटरमध्ये मिळतो, आणि फरक ४.०५° आला तर तो ४०,००० येतो. फरकच मुळात लहान असल्यामुळे सावलीतील १ सेंटिमीटरची चूक कोनात सुमारे अर्ध्या अंशाची आणि परिघात सुमारे पाच हजार किलोमीटरची चूक करते. म्हणून १ मीटरच्या काठीऐवजी ३ मीटरचा सरळ बांबू घ्यावा, जमीन पाणसळीने सपाट असल्याची खात्री करून घ्यावी, आणि ओळंबा बांबूच्या दोन लगतच्या बाजूंनी लावून पाहावा.